साधनांची देवघेव : कोल्हापुरातल्या एका शालेय ग्रंथालयाच्या प्रकल्प नोंदी

१६ जून २०२५

शाळा सुरू झाली. यंदाच्या कामाचा हेतू आधी लिहून ठेवते. वर्गात वापरता येतील अशी तांत्रिक साधने आपण शिकायची आणि ग्रंथालयातून पुस्तकासारखी द्यायची. सगळ्या शिक्षकांना एकाच दुपारी आपण पुस्तके वाटत नाही. कुणाला काय हवे ते विचारतो, शोधून देतो, परत आले की कसे वाटले तेही विचारतो. साधनांचे तसेच व्हायला हवे. गेल्या वर्षीच्या प्रशिक्षणात एका दुपारी इतकी अ‍ॅप दाखवली की महिन्याभराने स्टाफरूममध्ये एकाचेही नाव कुणाला सांगता येईना. शिकवणारे मन लावून शिकवत होते, पण उद्याच्या तासाला यातले काय उपयोगी पडेल हे कुणी विचारलेच नव्हते.

विज्ञानाचे सर प्रयोगशाळेत असतात, चित्रकलेचे सर त्यांच्या हॉलमध्ये. ग्रंथालयात मात्र सगळ्या विषयांची माणसे येतात. हे काम इथूनच व्हावे, असे मला मनापासून वाटते.

पद्धत अशी ठरवली आहे. प्रत्येक साधनाला जाड कागदाचे एक कार्ड. पुढच्या बाजूला: कशासाठी, नेट लागते का, मुलांकडे फोन लागतो का, तयारीला किती वेळ, पैसे पडतात का, मराठी अक्षर नीट दिसते का. मागच्या बाजूला देवघेव: तारीख, शिक्षक, इयत्ता, पाठ, आणि परत करताना स्वतःच्या अक्षरात दोन ओळी. त्या दोन ओळी आल्याशिवाय पुढचे साधन मिळणार नाही.

हाताशी आहे ते: संगणक लॅब (यंत्रे जुनी, पण चालू), एक प्रोजेक्टर, ग्रंथालयाचा संगणक आणि प्रिंटर, माझा फोन. वाय-फाय ऑफिसापुरते. एवढ्यात जे बसेल तेच घ्यायचे.

२४ जून

पहिले कार्ड दीक्षाचे, म्हणजे शालेय पाठांचे व्हिडिओ आणि साहित्य देणाऱ्या सरकारी व्यासपीठाचे. बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड सगळ्यांच्या रोजच्या नजरेतले, पण वर्गात ते कुणी उघडत नाही, कारण मुलांकडे फोन नसतात आणि नसावेतही. नववीच्या विज्ञानाच्या बाईंना कोडखालची सहा अक्षरे दाखवली. ती दीक्षाच्या संकेतस्थळावर टाइप केली तरी तोच पाठ उघडतो. फोनमधल्या अ‍ॅपवर व्हिडिओ आधी उतरवून ठेवता येतो, मग वर्गात नेटची गरज राहत नाही. दीक्षा २०१७ पासून आहे आणि कोड रोज डोळ्यांसमोर आहेत. अडत होते ते एवढ्या दोन गोष्टींवर.

बाईंच्या दोन ओळी: "व्हिडिओ पूर्ण दाखवू नये. मध्येच थांबवून पुढे काय होईल ते विचारावे." कार्ड सुरू केले ते अशाच ओळींसाठी.

८ जुलै

प्लिकर्स, म्हणजे वर्गातल्या सगळ्यांची उत्तरे एकदम कळवणारे साधन. गणिताच्या सरांची गरज नेमकी होती: "अपूर्णांकांचा प्रश्न विचारला की तीच चार मुलं हात वर करतात. बाकीच्यांना येतंय का नाही, मला पेपर तपासल्यावरच कळतं."

यात मुलांना काहीच यंत्र लागत नाही. प्रत्येकाला कागदावर छापलेली एक चौकोनी काळी-पांढरी खूण मिळते. तिच्या चार बाजूंना ए, बी, सी, डी. आपले उत्तर वरच्या बाजूला येईल असे कार्ड धरायचे. शिक्षक फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवतो आणि कुणाचे उत्तर काय ते पडद्यावर येते. प्रत्येक खूण वेगळी असल्यामुळे शेजाऱ्याचे बघून कार्ड फिरवता येत नाही. अक्षरे इतकी बारीक छापलेली की मागच्या बाकावरून ती वाचताही येत नाहीत.

कामाच्या गोष्टी: नेहमीच्या संचात ४० कार्डे येतात. कार्डाचा नंबर आणि हजेरी नंबर एकच ठेवावा, म्हणजे वाटताना गोंधळ होत नाही. लॅमिनेशन करू नये. चकाकणाऱ्या कागदावर ट्यूबलाइटचा उजेड पडला की कॅमेऱ्याला खूण वाचता येत नाही. साध्या जाड कागदावर छापून पुठ्ठ्यावर चिकटवली. चिकटवण्याचे काम आमच्या शाळेच्या शिपाई मामांनी केले, आणि कडा इतक्या सरळ कापल्या की चित्रकलेच्या सरांनीही विचारले, "कुणी कापलं हे?"

सरांनी सहावीत वापरले. एक मुलगी वर्षभर वर्गात बोलत नाही म्हणून काळजी वाटायची. तिची सगळी उत्तरे बरोबर आली. सरांनी तिचे नाव वर्गासमोर घेतले नाही, नंतर वही बघताना तिला हळूच सांगितले. कार्डाच्या मागे त्यांनी लिहिले, "पडद्यावर नावे दाखवू नयेत, फक्त आकडे दाखवावेत." ही सूचना मी पुढच्या बाजूला लाल शाईने उतरवली.

३१ जुलै

आज मन भरून आले. भूगोलाचे सर सकाळी दारातूनच म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडं २०१९ च्या पेपरांची फाइल आहे काय?" आहे. जुलै-ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही महापुरांच्या वेळचे अंक मी वेगळे बांधून ठेवले आहेत. बाहेर पाऊस, पंचगंगेचे पाणी किती आले हीच सगळीकडे चर्चा, आणि आठवीच्या मुलांना नदीच्या पातळीचा आलेख काढायचा होता.

राजाराम बंधाऱ्यावर पातळी मोजतात. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, हे कोल्हापुरातल्या लहान पोरालाही पाठ असते. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५० फुटांच्या वर गेले होते. मुलांनी जुन्या अंकांतून रोजचे आकडे शोधले, लॅबमध्ये लिब्रे ऑफिस या फुकट सॉफ्टवेअरच्या शीटमध्ये (रकान्यांच्या तक्त्यात) भरले आणि आलेख काढला. त्यावर एक मुलगा उठून म्हणाला, "मॅडम, पाणी चढाय लागलंय आणि रेघ खाली यायलीय की!"

त्याने नेमके पकडले होते. पेपरात पातळी फूट आणि इंचांत येते. मुलांनी ३९ फूट ६ इंच हे ३९.६ असे भरले आणि ३९ फूट ११ इंच हे ३९.११ असे. शीटच्या हिशेबाने ३९.११ लहान. म्हणून पाणी पाच इंच चढले तिथे रेघ उतरली. सरांनी उत्तर दिले नाही, वर्गाला वेळ दिला. बऱ्याच चर्चेनंतर एका मुलीने सांगितले की फुटात इंच बारा असतात, दहा नाही. मग फूट आणि इंच असे दोन रकाने केले, तिसऱ्यात सूत्र टाकले: फूट अधिक इंच भागिले १२. ६ इंच म्हणजे ०.५, ११ इंच म्हणजे ०.९२ च्या आसपास. आलेख सरळ चढला. त्यावर ३९ आणि ४३ च्या दोन आडव्या रेघा मारल्या.

पुढचे प्रश्न मुलांनीच काढले. कोल्हापुरात पाऊस थांबला तरी पाणी का चढते? सरांनी नकाशा लावला: कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती, त्यांचा प्रयाग चिखलीजवळचा संगम, आणि राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे. घाटातला पाऊस इथे उशिरा पोचतो, हे आलेखावरही दिसते. एका मुलाचे घर २०१९ ला पाण्यात गेले होते. "आम्ही कुठल्या दिवशी बाहेर पडलो ते मला बघायचंय," म्हणून त्याने आलेखावर तो दिवस शोधून खूण केली.

हे कार्ड लिहायला मला सगळ्यात जास्त जागा लागली. शीट वापरायला कुणीही शिकेल. पण ग्रंथालयातले जुने कागद आणि शीट एका टेबलावर आले तेव्हा हा तास उभा राहिला. वर्तमानपत्रांची फाइल रद्दीत घालू नये, असे मी दरवर्षी का म्हणते ते आज सगळ्यांनी पाहिले.

१२ ऑगस्ट

राष्ट्रीय ग्रंथपाल दिन, डॉ. एस. आर. रंगनाथन यांची जयंती. त्यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सिद्धांतांतला चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याचा आहे. या प्रकल्पात वाचक म्हणजे शिक्षक. त्यामुळे आज सगळी कार्डे काढून 'तयारीला किती वेळ' हा रकाना पुन्हा तपासला. जिथे तयारीला तासापेक्षा जास्त वेळ जातो, तिथे तयारी ग्रंथालय करणार, शिक्षक नाही.

मुख्याध्यापकांनी परिपाठात दोन शब्द बोलायला सांगितले. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून चालू असलेल्या गावात आपण वाचतो आहोत, एवढेच बोलले.

११ सप्टेंबर

ग्रंथालयाची यादी संगणकावर शोधता यावी हे बरेच दिवस मनात होते. पुढे कोहा बसवायचे आहे. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी तयार झालेली, आता जगभर फुकट वापरता येणारी ग्रंथालयाची संगणक प्रणाली. त्याआधी आपली यादी स्वच्छ हवी.

जुन्या यादीचा एक भाग कुणीतरी जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला. तो फॉन्ट नसेल तर सगळी अक्षरे विचित्र दिसतात. ती युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर नीट दिसणाऱ्या अक्षरपद्धतीत आणली. तेवढ्यावर भागले नाही. मराठीच्या बाईंच्या आठवीतल्या मुलींनी शोधायला 'ताऱ्यांच्या' असे टाकले, तर कपाटात समोर दिसणारी पुस्तके यादीत येईनात.

शोधल्यावर कारण सापडले. पडद्यावर एकसारखा दिसणारा 'ऱ्य' संगणकात दोन तऱ्हांनी साठवलेला असतो. एक, नुक्ता (खालचे टिंब) असलेला ऱ, मग हलन्त, मग य. दुसरा, साधा र, हलन्त, मग एक न दिसणारे जोडचिन्ह, आणि य. ज्या त्या कीबोर्डवर अवलंबून. डोळ्यांना फरक कळत नाही, पण शोधणाऱ्या संगणकाला ते दोन वेगळे शब्द आहेत. 'दुसऱ्या', 'ताऱ्यांचे', 'दऱ्याखोऱ्या', सगळ्या शब्दांचे हेच. 'शोधा आणि बदला' वापरून पूर्ण यादीत पहिली तऱ्हा केली आणि मुलींनी पुन्हा शोधले. आली सगळी पुस्तके.

क्रमवारीचेही असेच. ज्ञ आपण मुळाक्षरांच्या शेवटी शोधतो. शीट मात्र तो ज आणि ञ यांचा जोड समजून ज च्या गटात घालते. त्यामुळे 'ज्ञ' ने सुरू होणारी पुस्तके मुलांना मिळत नव्हती. क्ष चे तसेच, तो क मध्ये जातो. आद्याक्षराचा वेगळा रकाना करून त्याला क्रमांक दिले आणि यादी आपल्या मुळाक्षरांप्रमाणे लागली.

हे लिहून ठेवणे मला फार महत्त्वाचे वाटते. शाळांतून मराठीत शेकडो याद्या, निकाल, प्रमाणपत्रे टाइप होतात. नाव सापडत नाही म्हणून मुलाला 'तुझी नोंदच नाही' असे ऐकावे लागू नये.

१५ ऑक्टोबर

वाचन प्रेरणा दिन. स्टोरीवीव्हर या मुलांच्या गोष्टींच्या संकेतस्थळावरच्या मराठी गोष्टी पाचवीसाठी प्रोजेक्टरवर लावल्या. तिथल्या गोष्टींचा परवाना खुला आहे. श्रेय देऊन त्या छापता येतात, त्यांचे भाषांतर करता येते, त्यात बदलही करता येतो. मुलांनी एक छोटी गोष्ट आपल्या बोलीत सांगितली, तीही छान झाली. आता प्रत्येक कार्डावर 'परवाना' हा रकाना वाढवला आहे. नेटवर दिसते म्हणून ते आपले नसते, हे मुलांना सातवी-आठवीत कळले पाहिजे. आणि शिक्षकांनाही.

१८ नोव्हेंबर

दिवाळीनंतर स्टाफरूममध्ये एकच विषय, एआय. काहींना भीती, काहींना उत्साह. इतिहासाच्या बाई सरळ म्हणाल्या, "मुलं घरी वापरतातच. आपण वर्गात कसं वापरायचं ते सांगा."

आधी नियम ठरवले. खाते शिक्षकाचे, पडदा सगळ्यांचा. मुलांना खाती काढायला लावायची नाहीत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण मूल धरला आहे, आणि त्याची माहिती वापरायची तर पालकांची संमती लागते. मुलांची नावे, फोटो, गुण कुठेही टाकायचे नाहीत.

मग आठवीचा वर्ग ग्रंथालयात. चॅटला राजर्षी शाहू महाराजांच्या शैक्षणिक कार्यावर परिच्छेद लिहायला सांगितला. भाषा गुळगुळीत, वाचायला छान. तो छापून गटागटांना दिला आणि टेबलावर मराठी विश्वकोशाचे खंड, चरित्रे आणि पाठ्यपुस्तक ठेवले. एकेक वाक्य तपासायचे. छापील आधार मिळाला तर हिरवी रेघ, कुठेच मिळाला नाही तर पिवळी, आधाराच्या उलट असेल तर लाल.

सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचे १९१७ साल हिरवे झाले. वसतिगृहांचे वाक्य हिरवे. राखीव जागांच्या आदेशाचे वर्ष लाल झाले. आदेश २६ जुलै १९०२ चा, चॅटने दुसरेच साल दिले होते. एका वाक्यात महाराजांच्या तोंडी भारदस्त उद्गार घातले होते, ते कुठल्याच पुस्तकात मिळाले नाहीत. पिवळे. त्या वाक्यावर मुले सगळ्यात जास्त वेळ अडली, कारण त्यांना तेच सगळ्यात जास्त आवडले होते. "असं म्हणाले असतील की," एक जण म्हणाला. बाई म्हणाल्या, "असतील. पण म्हणाले हे दाखव."

विश्वकोशाचे खंड इतक्या हातांत मी कधी पाहिले नव्हते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी ज्याची घडी बसवली, ते काम आज आठवीची मुले यंत्राचे बोलणे तपासायला वापरत होती. या कार्डावर साधनाचे नाव मी 'एआय चॅट' एवढेच लिहिलेले नाही. 'एआय चॅट आणि संदर्भ कपाट' असे लिहिले आहे. एकटे दिले जाणार नाही.

९ डिसेंबर

लॅबमध्ये किविक्स, म्हणजे नेटशिवाय विकिपीडिया वाचायचे सॉफ्टवेअर. मराठी विकिपीडिया एका फाइलमध्ये उतरवून एका संगणकावर ठेवला, राउटरने बाकीची यंत्रे जोडली. नेट नसताना सगळ्या संगणकांवर उघडतो. संगणकाचे सर सोबत होते म्हणून लवकर झाले. मुलांच्या दृष्टीने मोठी गोष्ट ही की पाने लगेच उघडतात, गोल फिरणारे चिन्ह बघत बसावे लागत नाही.

१० जानेवारी २०२६

शनिवार, सकाळची शाळा सुटल्यावर शहरातल्या आणि पन्हाळा, शाहूवाडी भागातल्या ओळखीच्या ग्रंथपाल मैत्रिणी आल्या. काही जणी अर्धवेळ आहेत, पुस्तकांसोबत ऑफिसचेही काम करतात. मी कार्डे टेबलावर मांडली आणि आधी त्यांना मागची बाजू वाचायला दिली. शिक्षकांच्या त्या दोन ओळी वाचून प्रश्न आपोआप सुरू झाले. शाहूवाडीकडच्या ताई म्हणाल्या, "आमच्याकडं रेंजच नाही, तर यातलं काय चालंल?" 'नेट नको' असा शिक्का असलेली कार्डे वेगळी काढून दिली: किविक्स, शीट, आधी उतरवलेले दीक्षाचे व्हिडिओ. ताईंनी त्यांच्या शाळेतली एक गोष्ट सांगितली. मुले फोनवर आजी-आजोबांच्या ओव्या ध्वनिमुद्रित करतात. मी त्याचे कार्ड तिथेच करून घेतले आणि त्यात आजी-आजोबांची लेखी परवानगी हा मुद्दा घातला. आमच्या कपाटात बाहेरून आलेले हे पहिले कार्ड.

२९ जानेवारी

खेळाचे सर ग्रंथालयात आले, आणि साधन मागायला आले. कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम म्हणजे पेठापेठांतली पोरे दुसरे काही बोलत नाहीत. सरांना पेनल्टी मारताना मुलांचा पाय कुठे पडतो ते मुलांनाच दाखवायचे होते. फोनचे स्लो मोशन आणि ट्रायपॉड दिला. साध्या व्हिडिओत सेकंदाला ३० चित्रे असतात, स्लो मोशनमध्ये १२० किंवा २४०. मुलांनी आपापली किक पाहिली आणि आधार देणारा पाय चेंडूच्या मागे पडतो हे त्यांनीच ओळखले.

पुढची गोष्ट मला न विचारता घडली. सरांनी कार्ड परत आणण्याऐवजी स्टाफरूममध्ये विज्ञानाच्या बाईंना दिले. नववीला गतीचा धडा चालू होता. बाईंनी मैदानावर टेपने ११ मीटर मोजले आणि २४० चित्रांच्या व्हिडिओत चेंडू पायापासून गोलरेषेपर्यंत किती चित्रांत पोचतो ते मुलांना मोजायला लावले. एका मुलाचा चेंडू १४४ चित्रांत पोचला. १४४ भागिले २४०, म्हणजे ०.६ सेकंद. ११ भागिले ०.६, सेकंदाला सुमारे १८ मीटर, ताशी ६६ किलोमीटर. वर्गात आरोळी उठली ती खालच्या मजल्यावर ग्रंथालयात ऐकू आली.

कार्ड माझ्याकडे आले तेव्हा मागे दोन अक्षरांत नोंदी होत्या, आणि बाईंनी खाली लिहिले होते: "हे गणिताच्या सरांना द्या. सरासरी शिकवायला त्याच मुलांचे आकडे वापरता येतील." मी हेच व्हावे म्हणून धडपडत होते. साधन एका शिक्षकाकडून दुसऱ्याकडे जावे, जाताना त्यात काहीतरी भर पडावी, आणि माझी मध्ये गरज पडू नये. आज फार आनंद झाला.

१७ फेब्रुवारी

वर्षअखेरीची छाननी. ज्या कार्डांवर एकही नोंद नाही ती निर्लेखनाला (यादीतून कमी करायला) काढली, जुन्या पुस्तकांचे करतो तसेच, कारण लिहून. एका प्रश्नमंजुषेच्या अ‍ॅपमध्ये मराठी जोडाक्षरे तुटतात, ते काढले. एक साधन आता पैसे मागते, तेही काढले.

पुढच्या वर्षासाठी मुख्याध्यापकांकडे तीन मागण्या दिल्या: ग्रंथालयाला वाय-फाय, आणखी एक ट्रायपॉड, आणि कोहा बसवायला उन्हाळ्याच्या सुट्टीत लॅबच्या सरांची मदत. ट्रायपॉड लगेच मंजूर झाला. संस्कृतच्या बाईंनी श्लोकांच्या पाठांतरासाठी ध्वनिमुद्रणाचे काही आहे का असे विचारले आहे. शाहूवाडीच्या ताईंचे ओव्यांचे कार्ड त्यांच्यासाठी काढून ठेवले आहे, उद्या तिसऱ्या तासाला त्या येतील.